सम्राज्ञीची बाहुली आणि माझा नवरा

दार उघडलं, पावसाचा एक झोत आत आला आणि त्याच्यामागून आलेल्या माणसाने थेट सम्राज्ञीवरच पाय दिला.

"अहो, बघून चाला ना!" मी किंचाळले. "महाराणींना तुडवलंत तुम्ही!"

त्याने दचकून पाय उचलला. खाली बोटभर उंचीची लाकडी बाहुली... आणि तिच्या रेशमी झग्याला चिखल. खोलीभर जमिनीवर पॅरिसच्या कॅथेड्रलचा नकाशा पसरला होता आणि त्यावर शंभरेक बाहुल्या उभ्या होत्या. सम्राटाच्या राज्याभिषेकाला कोणी कुठे उभं राहायचं ते दरबाऱ्यांना आधी दाखवायचं, म्हणून दरबारच्या चित्रकारसाहेबांनी ही टूम काढली होती. बाहुल्यांना कपडे शिवायचं काम माझ्या मावशीच्या दुकानाकडे, म्हणजे माझ्याच गळ्यात.

"चुकलं," तो म्हणाला. त्याच्या भुवयांवरून पाणी ठिबकत होतं. "मी ल्योंहून आलोय, नकाशातले खांब रंगवायला. रेमी कूर्व्हल."

माझी सुई जागच्या जागी थांबली. कारण रेमी कूर्व्हल हा माझा नवरा होता!

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्न झालेल्या मुलांना सैन्यात नेत नाहीत, अशी तेव्हा बोलवा होती. त्याचे दोन भाऊ सरहद्दीवर गेले ते गेलेच. त्याच्या आईने माझ्या मावशीपुढे पदर पसरला. आणि लग्न तरी कसलं, नुसती एक सही! क्रांतीचे दिवस, देवाला कोण विचारत होतं तेव्हा? चर्चला कुलूप, रविवार जाऊन नव्या पंचांगाप्रमाणे दर दहाव्या दिवशी सुट्टी, आणि त्या दिवशी नगरभवनात जोडप्यांची ही लांब रांग. आमचा नंबर सतरावा. त्यात माझी दाढ सुजलेली, गालाला फडकं बांधलेलं आणि वर टोपी. त्याला माझं नाक तेवढं दिसलं असेल, आणि दाढेच्या कळांपुढे मीही त्याला धड पाहिलं नव्हतं. सही केली, "उपकार झाले" म्हणाला आणि संध्याकाळच्या घोडागाडीने ल्योंला पसार. धामधूम निवळली की सोडचिठ्ठी घ्यायची, असं ठरलं होतं. धामधूम कसली निवळतेय! मी आपली तेव्हापासून ना धड कुमारी, ना धड सवाष्ण.

"आणि तुम्ही?" त्याने विचारलं.

"लिझेत," मी म्हणाले. दुकानाच्या पाटीवर तेच नाव आहे, त्यामुळे गिऱ्हाइकं मलाही लिझेतच म्हणतात. खोटं नव्हतं... पण खरंही नव्हतं.

वाटलं होतं, उद्या सांगून टाकू. पण दुसऱ्या दिवशी तो गरम चेस्टनटची पुडी घेऊन आला आणि माझ्या गार पडलेल्या बोटांत ठेवत म्हणाला, "शिक्षा म्हणून. महाराणींना तुडवल्याची." तिसऱ्या दिवशी त्याने एका जाड्या सेनापतीच्या बाहुलीला मिशा काढल्या आणि मी इतकी हसले, की चित्रकारसाहेबांनी आत डोकावून पाहिलं. दिवस असेच चालले. जेवण गोड लागेना, शिवण उसवायची आणि पुन्हा घालायची. माझी मीच स्वतःला रागावायचे.

सम्राज्ञीची बाहुलीही माझ्यासारखीच, एका जागी टिकत नव्हती. सोमवारी साहेबांचा निरोप यायचा, तिला सम्राटाशेजारी ठेवा. मंगळवारी, तीन पायऱ्या खाली. बुधवारी कुणीतरी म्हणायचं, ठेवूच नका. मूल होत नाही म्हणून सम्राट तिला सोडणार आहे. त्या बाईने काय कमी भोगलं? क्रांतीत पहिल्या नवऱ्याचं डोकं गेलं, स्वतः तुरुंगातून थोडक्यात वाचली. आता मुकुट समोर दिसत होता, आणि पायाखालची जमीन रोज सरकत होती.

"महाराणींच्या या नणंदांची तोंडं एवढी आंबट का?" रेमीने एक दिवस रंगवता रंगवता विचारलं.

"भावजयीच्या झग्याचा घोळ धरायला सांगितलाय त्यांना. त्या म्हणतात, आम्ही काय मोलकरणी आहोत?"

"नणंदा ल्योंला काय, पॅरिसला काय, सारख्याच." मग ब्रश पाण्यात फिरवत, माझ्याकडे न बघता, "तुम्हाला आहेत का नणंदा? म्हणजे... लग्न झालंय?"

"झालंय... कागदावर."

"अरेच्चा! माझंही कागदावरच!" तो खळखळून हसला आणि मग त्याने ब्रश खाली ठेवला. "खरं सांगू? खांब हे निमित्त आहे. मी तिला शोधायला आलोय. सोडचिठ्ठीचा अर्ज खिशात घेऊन हिंडतोय."

सुई बोटात घुसली. "एवढी वाईट आहे ती?"

"तिला नीट पाहिलंय कोणी! तिच्यामुळे मी जिवंत आहे, लिझेत. आणि मी तिचा जन्म अडकवून ठेवलाय. त्यांच्या जुन्या घरी गेलो, तर ते पाडलेलं. पेरीन व्होक्लँ. कुठे ऐकलंय हे नाव?"

"नाही बाई," मी म्हणाले आणि बोट तोंडात घातलं.

"ती मोकळी झाली की मीही मोकळा होईन. मग मला एका बाहुलीवालीला काहीतरी विचारायचंय..." त्याने मान वर केली. ते डोळे! मी खाली बघून सेनापतीची बटणं मोजायला लागले.

आता सांगा, मी काय करायचं होतं? तो जिच्यापासून सुटायला बघत होता ती मी, आणि जिच्यासाठी सुटायला बघत होता तीही मीच. मला माझाच मत्सर वाटत होता. आणि खरं सांगितलं तर उपकार फेडायचे म्हणून राहील, ही भीती वेगळीच.

शनिवार उजाडला. राज्याभिषेक दुसऱ्या दिवशी. दुपारी दारावरची मादाम ओबेर धापा टाकत वर आली.

"ऐकलंत का? राजवाड्यात आज लग्न आहे!"

"कुणाचं?"

"सम्राट आणि सम्राज्ञीचं! यांचंही लग्न नगरभवनातलंच ना? सम्राज्ञीने स्वतः जाऊन पोपना सांगितलं म्हणे, आमचं लग्न धर्माने लागलेलंच नाही. झालं! पोप अडून बसले, आधी धर्माने लग्न, मगच राज्याभिषेक. आठ वर्षांच्या संसारानंतर बाई आज लग्न करतेय, आणि तेही स्वतःच्याच नवऱ्याशी!"

ती पुढच्या दाराला बातमी द्यायला पळाली. रेमी ब्रश पुसत उभा होता.

"सोमवारी माझी गाडी आहे," तो हळूच म्हणाला. "पेरीन काही सापडली नाही. आता कुठल्या तोंडाने तुम्हाला काही विचारू?"

डोक्यावर मुकुट यायचा असताना ती बाई स्वतःहून तोंड उघडते, मग माझीच काय जीभ झडली होती?

"तो अर्ज द्या इकडे."

"तुम्हाला कशाला...?"

"द्या म्हणते ना!"

मी त्याची लेखणी घेतली, कागद नकाशावर टेकला आणि बायकोच्या जागी सही केली. पेरीन व्होक्लँ. अक्षर स्वच्छ आलं.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"तीन आठवडे?" तो म्हणाला. "तीन आठवडे तू मला हसत होतीस?"

"हसत कसली, मरत होते! सांगितलं असतं तर उपकारापोटी थांबला असतास. तसा नको होतास मला." मी लेखणी खाली ठेवली. "तू मला आवडतोस, रेमी. फार आवडतोस. पण सही केलीय मी. जा आता, तू मोकळा आहेस."

तो गेला नाही. नकाशातल्या वेदीवर, बाहुल्या बाजूला सारून, मांडी घालून बसला. त्याने तो कागद मांडीवर सरळ केला.

"नवा कायदा काय म्हणतो, ठाऊक आहे?" त्याने विचारलं. "नवरा-बायकोने मिळून चार वेळा न्यायाधीशापुढे उभं राहायचं, तेव्हा कुठे सोडचिठ्ठी."

"मग?"

"मी एकदाही येणार नाही." त्याने अर्ज फाडला, उभा आणि मग आडवा. "धर्मगुरूपुढे मात्र म्हणशील तेव्हा येतो. आत्ता चल म्हणालीस तर आत्ता."

"आत्ता सगळे धर्मगुरू उद्याच्या गडबडीत असतील," मी नाक ओढत म्हणाले.

"मग सोमवारी."

"सोमवारी तुझी गाडी आहे."

"गाडी जाईल. मी नाही जायचा... पेरीन."

त्याने हात पुढे केला. सहा वर्षांच्या लग्नात मी पहिल्यांदाच माझ्या नवऱ्याचा हात धरला.