गच्चीवरचं दगडफूल

पाथर्डीत मे महिन्याच्या दुपारी गच्चीवर अनवाणी जायची कोणाची छाती नाही. पण बनुबाईंच्या मसाला कुटायच्या डंकीला तेच ऊन हवं. मिरची, धने, दगडफूल, सगळं वर वाळत पडलेलं. यंदा मात्र रोज दुपारी दगडफूलच तेवढं गायब होई.

बनुबाईंचा संशय सरळ सुनेवर. पूजाला आठवा लागला होता.

"डोहाळं लागलं तर सांगावं गं. चोरून कशाला खातीस? कोनी माती खातं, तू दगडफूल खा!"

पूजाला हसू आलं नाही. गेल्या उन्हाळ्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. ऊन बाधलं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि आज सकाळपासून हेही हललं नव्हतं. तिचा नवरा हर्षल जीप आणायला धावला होता. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

तेवढ्यात वर आवाज झाला. टक्. टक्. वानर असेल म्हणून ती तशीच जिना चढली.

वर कोणीच नव्हतं. मिरच्या मात्र दोन्ही बाजूंना सारलेल्या, आणि दगडफुलाचा ढीग तिच्या डोळ्यांदेखत कमी होत होता. टक्. बोटं मोडावीत तसा आवाज तिच्याभोवती फिरत होता. पूजा शाळेत भूगोल शिकवायची. बर्फ खुरांनी उकरून दगडफूल खाणारा रेनडिअर, चालताना त्याच्या पायांतून येणारा आवाज, टुंड्राच्या धड्यात तिनेच मुलांना सांगितलं होतं. पण इथे? भर उन्हात?

मग तिच्या लक्षात आलं, आपण अनवाणी आहोत. आणि पाय पोळत नाहीत.

फरशी गार होती. बर्फासारखी.

एक ओला, थंड श्वास तिच्या पोटाला लागला.

बाळाने लाथ मारली.

पूजा तिथेच बसून हमसून हमसून रडली. जीप आली, दवाखान्यात बाळाचे ठोके नीट लागले. घरी येऊन तिने बनुबाईंना सगळं सांगितलं.

"खाऊ दे मग," त्या म्हणाल्या. "पाव्हना हाय."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर एका सुपात पाहुण्यासाठी दगडफूल वेगळं ठेवलं जाऊ लागलं. पूजा रोज दुपारी त्याच्याशेजारी बसू लागली.

मुलगी झाली, अगदी ठणठणीत. बनुबाई तिला तेल लावत होत्या, तेव्हा तिने पाय ताणला.

टक्.

बनुबाईंचा हात थांबला. "हाडं लई कवळी हायेत," त्या घाईघाईने म्हणाल्या.

पूजाने तो इवला पाय गालाला लावला. गारेगार होता. भीती वाटायला हवी होती, पण तिला आनंदच झाला.

वर गच्चीवरून उत्तर आलं.

टक्.