तेलाचे तीन थेंब

कोणत्याही घरात काम सुरू करताना मी आधी बिजागऱ्यांना तेल घालते. रंग, पडदे, फुलदाण्या हे सगळं नंतर. आलेलं गिऱ्हाईक डोळ्यांनी घर बघतं असं सगळ्यांना वाटतं, पण एक दार कुरकुरलं की त्याचं मन आखडतं आणि मग काहीही दाखवा, पालथ्या घड्यावर पाणी. शिवणयंत्राच्या तेलाची छोटी कुपी माझ्या पर्समध्ये कायम असते. वरच्या बिजागरीला एक थेंब, मधलीला एक, खालचीला एक.

राहती घरं विकायला तयार करणं हा माझा धंदा. बावीस वर्षं झाली. घर राहतं वाटलं पाहिजे, पण अमक्याचं आहे असं वाटता कामा नये, एवढंच त्यातलं शास्त्र. भिंतींवरचे फोटो उतरवायचे, दारामागे लटकलेले कपडे काढायचे, फ्रिजवर चिकटवलेली चित्रं सोडवायची, आणि माझ्या पेटाऱ्यातल्या पांढऱ्या चादरी, पांढरे टॉवेल, न वापरलेल्या उशा मांडायच्या. घर विकलं गेलं की माझं सामान घेऊन मी पुढच्या घरी. माझी बहीण म्हणते, मी घरांचं ब्यूटी पार्लर चालवते. म्हणू दे.

ते काम एजंटनं आणलं. पहिला मजला, चार खोल्या, दोन्ही बाजूंनी उजेड.

"ताई, घरात खोट नाही," तो म्हणाला. "आठ गिऱ्हाईकं आली. सगळ्यांनी छान म्हटलं आणि सगळी गेली. खोदून विचारलं तर म्हणतात, तिथं अजून कोणीतरी राहतंय असं वाटतं."

"राहतंयच की. नवरा-बायको राहतात."

"मीही तेच म्हटलं त्यांना," तो म्हणाला, पण हसला नाही.

नवरा बस आगारात गाड्यांची वेळापत्रकं बसवायचा. बायको एका ग्रंथालयात सकाळपाळी करायची. त्यांची एकुलती मुलगी तीन वर्षांपूर्वी तापानं गेली, अकराव्या वर्षी. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. बाईनं हे मला पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, गॅसचं बटण कुठं अडकतं ते सांगावं तसं. मी वहीत खोल्यांची मापं लिहीत होते. लिहायची थांबले नाही, याचं मला आता फार वाईट वाटतं.

कुपी काढून मी एकेक दार घेत गेले. बाई मागोमाग होती. मधल्या छोट्या खोलीशी आले तेव्हा तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"या दाराला नको."

"हेच तर सगळ्यात जास्त वाजतंय."

"म्हणूनच नको. चारला तिची शाळा सुटायची. दहा मिनिटांची वाट. चार वाजून दहा मिनिटांनी हे दार वाजतं. वाजलं की मला कळतं."

काय कळतं, ते मी विचारलं नाही. बावीस वर्षांत मी बरंच ऐकलंय. एका आजोबांना बाथरूमची एक फरशी जायला नको होती. माणसं घर विकतात आणि एखाद्या खिळ्यात जीव अडकवून बसतात. दुःखाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. "नाही घालत," मी म्हटलं. "माझा शब्द."

त्या दुपारी मी खिडक्यांच्या काचा पुसत होते. मधल्या खोलीचं दार वाजलं. आधी खर्जात, मग बारीक, आणि शेवटी खुर्ची ओढल्यासारखा छोटासा खरखराट. दार दोन बोटं उघडून थांबलं होतं. स्वयंपाकघरातून बाई नेहमीच्या आवाजात म्हणाली, "आलीस का? आधी हात धू." आणि तिनं टेबलावर पाण्याचा पेला ठेवला. मी घड्याळ बघितलं. चार दहा.

लाकूड उन्हानं फुगतं, आकसतं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं, ऊन पडलंच नाही. मी सगळ्या खिडक्या लावल्या आणि वारा येतोय का कळावं म्हणून चौकटीला दोऱ्याचा तुकडा टांगून त्याच्याकडे बघत उभी राहिले. चार वाजून दहा मिनिटांनी दार दोन बोटं उघडलं. दोरा हलला नाही.

तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये मी माझे पांढरे टॉवेल लावले होते. संध्याकाळी निघताना बघते तर एका टॉवेलचा खालचा कोपरा ओला. नळ गळत असेल म्हणून मी प्लंबरला बोलावलं. नळ ठणठणीत होता. त्यानं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू माझंच डोकं गळतंय.

त्याच दिवशी नवरा जिन्यात भेटला. हातात डबा, खांद्याला पिशवी. वर जायला पाय उचलत नव्हता त्याचा.

"मी आधी साडेतीनला सुटायचो," तो म्हणाला. "आता पाळी बदलून घेतलीय. मला तो आवाज ऐकवत नाही, आणि हिला ऐकल्याशिवाय राहवत नाही. हे घर गेलं नाही तर आम्ही दोघं राहणार नाही एकत्र. मुलगी गेली, आता हीही जाईल हातची. काहीतरी करा हो."

 दुसऱ्या दिवशी एजंटचा फोन आला, गिऱ्हाईक चार वाजता येतंय म्हणून. वेळ बदलून मागितली, मिळाली नाही. माझ्या डोळ्यांसमोर ते सगळं उभं राहिलं. दार वाजणार, आई हाक मारणार, आणि नववं गिऱ्हाईकही जिना उतरणार.

तीन वाजता बाई फुलं आणायला खाली गेली. मी कुपी काढली. नंतर मी तिला सांगितलं की सवयीनं हात गेला. ते खोटं आहे. वरच्या बिजागरीला एक, मधलीला एक, खालचीला एक, आणि मुरावं म्हणून दार पाच-सहा वेळा मागंपुढंही केलं.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं होतं. तिला दिवस गेलेले. ती सावकाश फिरली, खिडकीशी थांबली, उशीवर तळवा फिरवून बघितला. बाई स्वयंपाकघरात रिकामा पेला हातात धरून उभी होती, मान जरा कलती. चार दहा झाले. चार बारा. कुठे काही वाजलं नाही. ती तरुण मुलगी नवऱ्याला म्हणाली, "किती शांत आहे ना इथं," आणि घर विकलं गेलं.

ती माणसं गेल्यावर बाई मधल्या खोलीशी गेली. मी मागं उभी होते.

दार दोन बोटं उघडं होतं.

तिनं बिजागरीला बोट लावलं, नाकाशी नेलं. माझ्याकडे बघून ती ओरडली असती तर मला सोसलं असतं.

"ती आली होती," ती म्हणाली. "आणि मी तिला आलीस का म्हटलं नाही."

मला रडू आलं. बाईला आलं नाही.

पुढच्या महिन्यात ती दोघं आगाराजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली. नवरा आता लवकर घरी येतो, असं एजंट म्हणाला. "बघा ताई, तुमच्या हाताला यश आहे." माझ्या चादरी, उशा आणि टॉवेल मी घरी आणले. धुऊन टाकायचे ते कंटाळ्यानं सामानाच्या खोलीतल्या पेटाऱ्यातच राहिले.

मी एकटी राहते. माझ्या घरात एकही दार वाजत नाही, दिव्याखाली अंधार असं मला कोणी म्हणू शकणार नाही. एका सोमवारी मी टेबलाशी बसून पुढच्या कामाची यादी करत होते. सामानाच्या खोलीचं दार वाजलं. आधी खर्जात, मग बारीक, मग खुर्ची ओढल्यासारखं.

घड्याळ बघायची गरज नव्हती. तरी बघितलं.

बिजागऱ्यांना बोट लावलं. बोटाला तेल लागलं.

मंगळवारी तेच. बुधवारीही. गुरुवारी त्या जुन्या घरी फोन करून दाराचं विचारलं. तरुण मुलगी म्हणाली, दारं अगदी छान आहेत, मुळीच आवाज नाही. शुक्रवारी सकाळी मी ग्रंथालयात जाऊन बाईपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं, शब्द मोडला तो मुद्दाम, हेही. तिनं हातातलं पुस्तक कपाटात जागेवर ठेवलं.

"मी चारला येते," ती म्हणाली.

ती आली ती केस विंचरून, इस्त्रीची साडी नेसून. सामानाच्या खोलीसमोर खुर्ची ओढून बसली. मी पाण्याचा पेला ठेवला. चार दहा झाले.

"आलीस का?" ती म्हणाली.

काही नाही.

"भिंगरे, आलीस का ग? मी आहे."

चार पंधरा. चार वीस. दार जसंच्या तसं.

तिनं पेला दाराच्या जरा जवळ सरकवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही विचारा."

"मी कशी..."

"विचारा, ताई."

 "आलीस का?" मी म्हटलं.

दार वाजलं. दोन बोटं उघडून थांबलं.

बाई त्या फटीकडे बघत राहिली. उठली नाही. हात पुढं केला आणि मांडीवर परत ठेवला.

"हात धुवायला सांगा," ती म्हणाली. "सांगितल्याशिवाय धूत नाही."

मी सांगितलं.

तिनं चपला घातल्या. उंबऱ्यात थांबून म्हणाली, "रोज विचारत जा. एक दिवस चुकला की तिला किती लागतं, ते बघितलंत ना. आणि ते दार कधी पूर्ण लावू नका. बंद दाराला भिते ती."

"तुम्ही उद्या या ना. परवाही या. हळूहळू तुमचा आवाज..."

"नको. मला बघून ती पुन्हा गप्प राहील." एवढं म्हणून ती जिना उतरली, कठडा धरून, एकेक पायरी.

मी बाथरूममध्ये गेले. बेसिन कोरडं होतं. तिथं माझा रोजचा निळा टॉवेल असतो. आज पांढरा होता, पेटाऱ्यातला. त्याचा खालचा कोपरा ओला होता आणि अजून थोडा हलत होता.