पाठीची बटणं

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचली असती, तर तिला धड शेवट तरी दिला असता.

गेल्या जुलैतली. अबूधाबी, अल रीम आयलंड, एकोणतिसावा मजला.

आणि रात्र नव्हती. लख्ख दुपार होती.

संजना ऑनलाइन जुने कपडे विकते. अमेरिकेतले, सत्तर वर्षांपूर्वीचे. शारजाच्या गोदामातून गठ्ठे येतात. त्या वेळच्या गठ्ठ्यात सगळं एकाच म्हातारीचं निघालं. हातमोजे, जाळीची टोपी, पोट आवळायचा पट्टा.

आणि एक जांभळा झगा. पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत बारीक बटणं.

तिची सासू ठकुबाई पाटणजवळच्या खेड्यातून व्हिजिट व्हिसावर आली होती. दिवसभर घरात एकटीच. झगा हातात घेऊन उलटसुलट बघत बसली.

"आई, तिकडे तेव्हा म्हाताऱ्या बायकासुद्धा अशा आवळून-सावरून बसायच्या. कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी हातमोजे!"

"आन् ही पाठीची बटणं लावायची कुणी?"

"नवऱ्याने."

"आन् नवरा गेल्यावर?"

संजना पट्ट्याची घडी घालू लागली.

"आमचं बरं बाई," ठकुबाई म्हणाली. "चोळीची गाठ पुढं. कुनाची मिनतवारी न्हाई."

फोटोसाठी संजनाने बटणं उघडी ठेवून झगा रॅकवर लावला, आणि पार्सलं द्यायला गेली.

संध्याकाळी बघते तर… सगळी बटणं लावलेली.

"म्याच लावली," ठकुबाई म्हणाली.

"रिकाम्या झग्याची कशाला?"

"रिकामा कुठं होता?"

संजना हसली. नवऱ्याला, रामेश्वरला सांगितलं, तोही हसला. "आईला करमत नसेल गं. यल्ला, चल, शुक्रवारी कॉर्निशला समुद्रावर नेऊ."

पण मग रोजच व्हायला लागलं. सकाळी उघडी बटणं, संध्याकाळी लावलेली. घरात पावडरचा वास… त्या घरात पावडर कुणीच लावत नव्हतं.

एके दुपारी संजना लवकर परतली.

एसी बंद नव्हता, पण त्याची घरघर ऐकू येत नव्हती. काहीच ऐकू येत नव्हतं…

फक्त ओवी.

*दूरदेशीची शेजी, तिला नाही लेक-सून*
*पाठीची बटणं, देते मीच गं लावून*

हॉलमध्ये ठकुबाई स्टुलावर बसलेली. समोर कुणी नाही. तिची बोटं हवेतच चालली होती, खालून वर, खालून वर.

संजनाने डावीकडे, बेडरूममध्ये पाहिलं.

रॅकवरच्या झग्याची बटणं… एकेक करून लागत होती.

तिने त्याच दिवशी झगा मिळेल त्या गिऱ्हाइकाला विकला. कुरिअरवाला हम्माद दारात उभा. "मॅडम, जल्दी, नीचे गाडी खड़ी है।"

मागून ठकुबाई आली. घरी आलेल्या बाईला निरोपाशिवाय कसं जाऊ द्यायचं? खोक्याकडे बघून म्हणाली,

"ये हं बाई परत."

दुसऱ्या दुपारी संजना अंघोळ करून बाहेर आली, तर हॉलमध्ये भट्टीसारखी झळ.

बाल्कनीचं दार सताड उघडं.

ठकुबाई ठेवणीतलं लुगडं नेसून कठड्याशी उभी होती. एक पाय कुंडीवर.

"आई!… कुठे निघालात?"

"तिच्याकडं. इतक्यांदा आली बिचारी, एकदा तरी जाया नको? बोलावतीय कवाची. बोलावणं मोडू नये, संजना."

संजनाने तिचा दंड धरला. म्हातारीच्या अंगात कुठून एवढा जोर आला, कोण जाणे. ओढून हटेना.

मग तिला काय सुचलं, तिचं तिलाच ठाऊक.

"आई, घरात सून असताना तुम्ही का दमताय? तिला म्हणावं, इथेच येत जा. बटणं मी लावीन."

ठकुबाई थांबली. कठड्यापलीकडे, नुसत्या उन्हाकडे बघून म्हणाली, "सून लावते म्हणती…"

तिने कुंडीवरचा पाय खाली घेतला.

मग त्या झळीत संजनाच्या पुढ्यात काहीतरी गार येऊन उभं राहिलं.

पाठमोरं.

तिने हात पुढे केला. बोटांना कापड लागलं… आणि बटण.

ठकुबाईला त्याच आठवड्यात गावी पाठवली. तिकडे ठणठणीत आहे. शेरडं राखते, सुनेची तारीफ करते.

संजना मात्र दुपारी कुठेच जात नाही. एकदाच गेली होती, चिडून, मुद्दाम. मॉलमध्ये बसून राहिली.

संध्याकाळी गावाहून फोन आला.

"अगं, घरी नव्हतीस व्हय? शेजी हिकडं आलीया. विहिरीवर बसलीय. मला हाका मारतीय…"

हे सगळं संजनाने मला परवा सांगितलं, अबूधाबीतल्याच एका चहाच्या दुकानात. सांगता सांगता तिने बाहेर पाहिलं. ऊन माथ्यावर येत होतं.

अर्धा चहा तसाच सोडून ती उठली. टॅक्सीला हात करताना तिची बोटं… खालून वर, खालून वर चालली होती.

मी हाक मारली. तिने वळून पाहिलं नाही.