सतरा नंबरचं जॅकेट

सकाळी आठला फोन आला तेव्हा इन्स्पेक्टर बाईंना वाटलं, किरकोळ चोरी असेल. मुलांना मासेमारी शिकवणाऱ्या एका सेवाभावी संस्थेच्या कोठीत एका लाइफ जॅकेटच्या आतलं सगळं भरण गायब झालं होतं. रिकामी खोळ तेवढी खुंटीला लटकत होती.

संचालक घाईत होते. अकराला पालक येणार, नवा वर्ग सुरू होणार. दरवर्षीप्रमाणे ते स्वतः जॅकेट घालून धक्क्यावरून तळ्यात उडी मारणार होते.

"मला पोहता येत नाही," ते म्हणाले. "मी तरंगलो की आईबापांची भीती जाते."

हे कुणातरी जळणाऱ्याचं काम आहे, त्याला तेवढा धरा, असं सांगून ते कपडे बदलायला गेले.

बाईंनी खोळ उलटीपालटी केली. कापड कुठेच फाटलं नव्हतं. टाका न् टाका उसवला होता.

"हे कुणाचं?"

"सतरा नंबर. गेल्या वर्षी बुडालेल्या मुलाचं," कोठीवाला म्हणाला. "त्यानं ते होडीत काढून ठेवलं होतं, असं संचालक साहेबांनी चौकशीत सांगितलं."

"त्याची आई कुठे असते?"

"इथेच. आपल्या शिवणवाल्या ताई. जॅकेटांच्या नव्या खोळी त्याच शिवून देतात, आतलं भरण साहेबांची माणसं भरतात. कोठीची दुसरी किल्ली त्यांच्याकडेच असते."

बाईंनी शेजारचं जॅकेट दाबलं. शिवणीतून स्पंजचा कुजका, पिवळा भुगा हातावर पडला. कोठीमागच्या कचऱ्याच्या डब्यात मात्र कोरा पांढरा फोम होता. त्याचे तुकडे मोठ्या माणसाच्या छातीएवढे होते.

बाई धक्क्याकडे धावल्याच. अकरा वाजून गेले होते, पालकांच्या टाळ्या सुरू झाल्या होत्या. संचालक धक्क्याच्या टोकाला उभे होते. बाईंनी त्यांचा दंड धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर जॅकेट उतरवायला लावलं.

"नासधूस करणारा माणूस टाके उसवत बसत नाही," बाई म्हणाल्या. "उसवतो तो, ज्याचा हात शिवणकामात बसलेला असतो. कचऱ्यातला चांगला फोम या जॅकेटातला आहे. त्या जागी सतरा नंबरमधला कुजका स्पंज गेला, तो कमी पडला म्हणून वरून चिंध्या. साहेबांना नवं जॅकेट, मुलांना जुन्यावर नवी खोळ. ताई, तुम्हाला हे कधी कळलं?"

गर्दीतून शिवणवाल्या ताई पुढे आल्या. त्या शांत होत्या.

मागच्या महिन्यात पोराची आठवण म्हणून सतरा नंबर घरी न्यायला गेले, त्या म्हणाल्या, तेव्हा तो भुगा हाताला लागला. ज्यांनी पोरानं जॅकेट काढलं म्हणून सांगितलं, त्यांनाच ते घालून उडी मारताना मला बघायचं होतं.

संचालक म्हणाले, ही शिवणवाली भ्रमिष्ट झालीय, तो स्पंज चांगला होता.

बाईंनी जॅकेट तळ्यात टाकलं. ते क्षणभर तरंगलं, मग पाणी पिऊन तिरकं झालं आणि खाली गेलं. पालकांनी आपापल्या मुलांचे हात धरले. एका बापानं मुलाच्या अंगातलं जॅकेट ओरबाडून काढलं आणि संचालकांच्या पायांपाशी फेकलं.

बाईंनी दोन गाड्या बोलावल्या, एक संचालकांसाठी, एक ताईंसाठी. ताई पाण्याकडेच बघत होत्या.

"एवढाच वेळ लागला असेल ना त्याला?" त्यांनी विचारलं.

संचालक मान वळवायला लागले, तेव्हा ताईंनी दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा पाण्याकडे फिरवला. बाईंनी त्यांना अडवलं नाही.