जॉब तापलाय का?

विश्वास ठेवा नाहीतर सोडा. पण हे माझ्या घरात, भर दुपारी, माझ्या डोळ्यांसमोर घडलंय.

घरात आम्ही दोघं आणि चार वर्षांची चिमी. मागच्या गॅरेजमध्ये नवऱ्यानं जुना लेथ आणून बसवला. त्यावर लोखंड कापणारा एक म्हातारा टर्नर वारला, त्याच्या मुलानं तो विकला. त्या लेथला बाजारातले टूल होल्डर, म्हणजे कापायचं हत्यार पकडणारे ठोकळे, बसेनात. मग नवरा सुट्टीच्या दिवशी पोलाद कापून ते स्वतःच बनवायला लागला.

त्या रविवारी मी चहा घेऊन गेले. पहिला होल्डर तयार होऊन टेबलावर होता.

त्यावर... थुंकी होती.

जाड, पिवळट, तंबाखूचे कण असलेली. बुडबुडे अजून फुटत होते.

"शी! लाज नाही वाटत?"

"मी? अगं, मी तुझा उष्टा चमचासुद्धा घेत नाही!"

ते मात्र खरं. हा माणूस धुतलेला ग्लासही पुन्हा विसळतो.

त्यानं तोंड वाकडं करत ते पुसलं आणि दुसरा ठोकळा लावला. मी तिथेच उभी राहिले. खाच पाडून झाली. लेथ थांबला. त्यानं गरम ठोकळा चिमट्यानं टेबलावर ठेवला. त्याचं तोंड मिटलेलं होतं, मी बघत होते.

माझ्या कानाशी कुणीतरी घसा खाकरला...

थू.

चर्र...

कुजक्या दातांचा भपकारा आला. मी तिथेच ओकले.

संध्याकाळी नवऱ्यानं टर्नरच्या मुलाला फोन लावला. तो ओशाळला.

"बाबांची सवयच होती हो. जॉब, म्हणजे कापत असलेला तुकडा, तापलाय का, ते थुंकून बघायचे. आईनं किती डोकं आपटलं. पण जित्याची खोड..."

म्हण पुरी करायची त्याला हिंमत झाली नाही.

गॅरेजला कुलूप लागलं. लेथ भंगारात द्यायचं ठरलं. सुटलो, असं वाटलं.

दोन दिवसांनी चिमीला ताप भरला. अंग नुसतं भाजत होतं. नवरा औषध आणायला गेला होता. मी स्वयंपाकघरात कपाळावरची पट्टी भिजवत होते.

आतल्या खोलीत... कुणीतरी घसा खाकरला.

मी धावले.

चिमी गाढ झोपली होती. तिच्या कपाळावरून ते... ओघळत भुवईपर्यंत आलं होतं.

मी साबण लावून पुसलं. पुन्हा पुसलं. कातडी लाल झाली, पोर किंचाळत उठली, तरी माझा हात थांबेना.

ताप त्याच दिवशी उतरला. लेथही गेला. नवरा म्हणतो, विसर आता.

चिमी झोपताना रोज कपाळ पुढे करते.

"आई, इथे."

मी गालाची पापी घेते आणि पटकन दिवा मालवते. माझंच लेकरू, पण कपाळाला ओठ लावायला गेले की अजून तो वास येतो.