तिसरा पुकारा

उज्वलाच्या स्पर्धेत सगळं घड्याळाच्या काट्यावर चालायचं. दहिवलीच्या हॉलमध्ये चार टीव्ही, आठ खुर्च्या, फुटबॉलचा गेम, सोळा खेळाडू, आणि हरला तो बाद. खेळाडू शेलू-नेरळपासून खोपोलीपर्यंतचे. भरदुपारी पंखे गरागरा फिरायचे, पोरं तरी घामाघूम, आणि ही बाई टेबलामागे माईक धरून ताठ बसलेली. पुकाऱ्याची रीत तिनं कबड्डीच्या मैदानावरून उचलली होती. नाव तीनदा पुकारायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही गडी हजर नसला तर समोरच्याला पुढे चाल. जिंकणाऱ्यानं गोलांच्या चिठ्ठीवर सही करायची आणि ती टेबलावर आणून द्यायची.

आपला तो बाब्या, हा प्रकार तिच्याकडे नव्हताच. मागच्या स्पर्धेत सख्खा भाऊ मिलिंद चार मिनिटं उशिरा आला, तर तिनं समोरच्याला पुढे चाल देऊन टाकली होती. मिलिंद तसाच मोटरसायकलवर बसला आणि पळसदरीच्या वळणावर पडला. आठ महिने झाले, तो घरी पलंगावर डोळे मिटून नुसता पडून होता. नर्स रोज घरी येऊन बघून जायची. डॉक्टर म्हणायचे, वाट बघा. उज्वला वाट बघत होती, आणि ती चार मिनिटं तिला आतून कुरतडत होती. त्यानंतर तिनं स्पर्धा भरवली ती ही पहिलीच.

त्या रविवारी नावं पंधराच आली. तक्ता सोळाचा. रिकाम्या घरात तिनं मिलिंदचं नाव लिहिलं. का, ते तिलाही धड सांगता आलं नसतं. नाव पुकारायचं, कुणी यायचं नाही, समोरच्याला पुढे चाल मिळायची. एवढंच.

"मिलिंद, टीव्ही नंबर चार," ती माईकवर म्हणाली. मग दुसऱ्यांदा.

हॉल झाडणाऱ्या चंद्राबाईचा झाडू थांबला. "नसलेल्या मानसाला तीन हाका मारू नये, बाय. कोन आयकतंय, आपल्याला काय ठावं?"

"नियम हाय, मावशी," उज्वला म्हणाली, आणि तिनं तिसऱ्यांदा पुकारलं.

चौथा टीव्ही खांबाच्या आड होता. तिकडून कुणीतरी म्हणालं, "हाय."

कार्ट्यांची चेष्टा! ती संतापून उठणार, तोच गेममधल्या पंचाच्या निकालावरून दोघं हमरीतुमरीवर येत टेबलाशी आले आणि तिला बसावं लागलं. भांडण मिटवून बघते तर समोर चिठ्ठी. तीन-शून्य, मिलिंद विजयी. सहीच्या जागी अंगठा उठवलेला होता, ओल्या चिखलाचा. बाहेर मार्चचं ऊन होतं. चिखल कुठून आणणार कुणी?

हरलेल्या स्वप्नीलला तिनं गाठलं. "कोण होता रं समोर?"

"बसला होता ना शेजारी. लय गार वाटत होतं त्याच्या बाजूला."

"तोंड बघितलंस?"

"ताई, मी स्क्रीनकडं बघू का त्याच्या तोंडाकडं?"

तेवढ्यात फोन वाजला. आई होती, पुतळाबाई. तिला धाप लागली होती. "उजे, मिलिंदचं बोट हाललं गं! आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत!"

दुसऱ्या फेरीला उज्वलानं पुन्हा मिलिंदचं नाव पुकारलं. तिसऱ्या पुकाऱ्याला पुन्हा "हाय". पुन्हा चिठ्ठी, पुन्हा अंगठा. आईचा फोन आला, डोळे उघडले म्हणून. उज्वला टेबलाखाली वाकून पोटभर रडली. इतका आनंद तिला आठ महिन्यांत झाला नव्हता.

उपांत्य सामना संपता संपता ती धावत खांबामागे गेली. प्लॅस्टिकची खुर्ची रिकामी होती आणि बैठक ओली. तिनं इकडेतिकडे पाहिलं, ओढणीनं खुर्ची पुसली आणि परत येऊन बसली. कुणाला काही बोलली नाही. टेबलावर तिसरी चिठ्ठी येऊन पडली होती. ओठ हलवतोय, आई फोनवर सांगत होती.

अंतिम सामना तिनं पहिल्या टीव्हीवर घेतला, टेबलासमोर. समोरचा गडी संतोष, मिलिंदचा लहानपणापासूनचा दोस्त.

तिनं तीनदा पुकारलं.

"हाय," अगदी तिच्या कानाजवळ.

खुर्चीत कुणी नव्हतं. बैठकीवर कंट्रोलर पडला होता आणि त्याची बटणं आपोआप दाबली जात होती. भोवती चाळीस माणसं उभी होती. सगळ्यांच्या नजरा स्क्रीनवर.

संतोषनं मात्र शेजारी पाहिलं होतं. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, ह्यो मिलिंद नाय. मिलिंदचा खेळ मी झोपेत वळखीन. ह्यो दुसराच हाय कोनतरी."

उज्वलानं ऐकलं. नीट ऐकलं.

"खेळू नको," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"हात काढ, संतोष. जिंकू दे त्याला."

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं नियम मोडला.

संतोषनं कंट्रोलर खाली ठेवला.

एक गोल. दुसरा. पाचवा. शिट्टी.

तिच्या डोळ्यांसमोर कोऱ्या चिठ्ठीवर अंगठा उमटला.

फोन वाजला. आई रडत होती आणि हसत होती. "उठून बसला गं पोरगा! पानी प्याला! हात चालतोय का बघाया नर्सबाईंनी कागद पुढं केला, सही कर म्हनल्या, तर हसतोय नि अंगठाच पुढं करतोय. लिवायचं इसरला असंल. शिकंल परत."

उज्वलासमोर चारही चिठ्ठ्या होत्या. पहिल्या चिठ्ठीवरचा चिखलसुद्धा अजून वाळला नव्हता.

"आनि उजे, लवकर ये घरी," आई म्हणाली. "मगाधरनं एकच इचारतोय. तीन-तीनदा हाका मारनारी बाई कुठं हाय म्हनून."