हमूदचा वास

अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाली की बाया यायच्या. म्हणून मौझाने आधीच कॉफीचं आधण ठेवलं, खजुराचं ताट भरलं, हलव्यावरचं झाकण काढलं. नवरा जाऊन अडतीस दिवस झाले होते. अरबी किनाऱ्यावरच्या या सूर गावात विधवेने इद्दतीचे चार महिने दहा दिवस घरातच काढायचे. दागिना नाही, सुरमा नाही, अत्तराचा तर थेंबही नाही. नणंद रय्या इतकी कडक, की तिने कॉफीतलं केशरसुद्धा बंद करून टाकलं होतं. मौझाची त्याला ना नव्हती. तिला या घरात राहायचं होतं, आणि सात वर्षांची शमसा तिच्या कुशीत राहायला हवी होती. त्यासाठी ती चार महिनेच काय, चार वर्षं भिंतीकडे तोंड करून बसली असती.

पण तो मेला वास!

ते अत्तर तिनेच बनवलेलं. लग्नाच्या वर्षी तिने लव्हेंडर आणि अंबर असं काही जुळवलं होतं, की पुरुषाने लावावं तर पुरुषाचं वाटावं, बाईने लावावं तर बाईचं. नवऱ्याला, हमूदला, ते एवढं आवडलं की त्याने दुसरं काही अंगाला लागू दिलं नाही, ना स्वतःच्या ना तिच्या. मयत उचलली त्याच दिवशी तिने दातओठ खात उरलेल्या तिन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. वर साबणाच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. आणि आठव्या दिवसापासून तोच वास तिच्या अंगाला यायला लागला... मानेमागून, केसांच्या मुळाशी. जी बाई तिला कवटाळून रडे, ती तो घरी घेऊन जाई.

"तीनदा ओढणी धुतली गं," शेजारची म्हातारी नस्रा टेकता टेकता म्हणाली. "जात नाही. पण खरं सांगू? हवाहवासा वाटतो. आधी लव्हेंडर येतं, पेटीतल्या घडीच्या कपड्यांसारखं. मग अंबर चढतं. ऊबदार... कोणीतरी पाठीला पाठ लावून बसलंय, असं वाटतं."

"माझ्यावर वेगळाच चढतो," झमझम म्हणाली. ही मुलींच्या शाळेतली मास्तरीण. "लव्हेंडर कळतच नाही, थेट अंबर. मनगटाला लागलाय, तर जसं काही कोणी मनगट धरून चालवतंय. छान वाटतं बाई, खोटं कशाला बोलू?"

रय्याचे डोळे भरले. "माझ्या भावाचा वास आहे हा. काल मी पदर नाकाशी धरून रडले." मग तिने डोळे पुसले आणि आवाज चढवला. "पण वहिनी, शरम कशी वाटत नाही तुला? इद्दतीत अत्तर? परवा चाळिसावा. चार वडीलधारे निवाड्याला बसतील. तू जा तुझ्या भावाकडे, पोर आमच्याकडे राहील."

मौझाच्या डोक्यात तिडीक गेली. छान म्हणे! ऊबदार म्हणे! त्या उबेचा पंजा बारा वर्षं तिच्या मानेवर होता. हमूद चारचौघांत मारायचा नाही. मागून मान धरायचा, हसत हसत, आणि बोटं आवळायचा. आधी लव्हेंडर यायचं, मग अंबर, मग बोटं. आणि ह्याच बाया म्हणायच्या, किती माया गं बायकोवर!

"वन्सं, मी काही लावलेलं नाही," ती म्हणाली. "तो येऊन बसतो. ती गादी बघा."

कोपऱ्यातली हमूदची गादी मधोमध दबलेली होती. तिच्यावर कोणीही बसलेलं नव्हतं.

"तोंड आवर..." रय्या पुटपुटली, पण तिनेही पाय जवळ ओढून घेतले.

"का आवरू? जिवंतपणी मान सोडली नाहीस, मेल्यावर तरी सोड की रे मुडद्या! आता माझी पोर माझ्यापासून तोडवतोस?" मौझा म्हातारीकडे वळली. "नस्रामावशी, ऊद पेटवा."

नस्राला कळलं. बैठकीत ऊदाची धूपदाणी फिरली की पाहुण्याने उठायचं, ही सगळ्या मुलखाची रीत. त्यानंतर बसून राहील तो निर्लज्ज. तोंडाने 'जा' म्हणावंच लागत नाही. म्हातारीने निखारा घातला, वर ऊदाची ढलपी ठेवली. मौझाने धूपदाणी अंगापासून हातभर लांब धरली आणि रिकाम्या गादीसमोर नेली.

"घे," ती म्हणाली. "आणि ऊठ."

धूर सरळ वर चालला होता. मग गादीच्या वर, बसल्या माणसाच्या दाढीच्या उंचीवर तो दुभंगला... पुरुष दाढीत धूर घेतात तसा. एकदा डावीकडे... एकदा उजवीकडे. झमझमने तोंडावर हात दाबला. आणि दबलेली गादी हळूहळू फुगून वर आली.

उठला! मौझाला हसू फुटणार, तोच मानेमागे ऊब आली. आधी लव्हेंडर. मग अंबर. मग बोटं.

"मौझा..." नस्राचा आवाज पार खोल गेला. "अगं, ऊद पाहुण्याला देतात... घरधन्याला नाही गं. घरधनी उठतो, तो ऊद फिरवायला."

मौझाचे हात आता तिचे राहिले नव्हते. धूपदाणी नस्रापुढे गेली. म्हातारी उठली, 'अल्लाह बरकत देवो' म्हणाली आणि दाराकडे चालू लागली. मग धूपदाणी झमझमपुढे गेली. मग रय्यापुढे.

"भाऊ... मी तुझी बहीण..." एवढं म्हणून रय्याही उठली.

इतका वेळ खजुराच्या ताटापाशी बसलेल्या शमसाला मात्र धूपदाणीने वळसा घातला. शेवटी मौझाच्याच हातांनी ती मौझाच्या हनुवटीखाली धरली.

ती भानावर आली तेव्हा अनवाणी उन्हात उभी होती, उंबऱ्याबाहेर. दार लागलेलं होतं. समोरच्या दुकानातले पुरुष टक लावून इद्दतीतल्या बाईकडे बघत होते.

"शमसा!" मौझाने दारावर लाथा घातल्या. "उघड, हलकटा! घर ठेव तुझं, भिंती चाटत बस! पोर माझी आहे!"

रय्याने कमरेची किल्ली काढली. भावाच्या घराची किल्ली तिच्याकडे असायची. तिसऱ्या खेपेला कुलूप उघडलं. शमसा कोपऱ्यातल्या गादीवर शहाण्यासारखी मांडी घालून बसली होती. मौझाने झडप घालून तिला उचललं.

"पळ," रय्या म्हणाली. "वहिनी, पळ! वडीलधाऱ्यांचं मी बघते."

मौझा पळाली, दिवसाढवळ्या, सगळ्या गावादेखत. घर गेलं तर गेलं, इद्दत मोडली तर मोडली! गल्लीच्या टोकाला ती दम खायला थांबली आणि तिने लेकीच्या केसांत नाक खुपसलं.

केस ओलेचिंब होते. दार लागल्यापासून पाच मिनिटंही झाली नव्हती. आणि त्या केसांना वास नव्हता. लव्हेंडर नाही, अंबर नाही, साबण नाही, पोराच्या अंगाला येतो तो घामाचासुद्धा नाही.

"केस कोणी धुतले गं... शमसा?"

"बाबांनी," शमसाने जांभई देत मान तिच्या खांद्यावर टाकली. "म्हणाले, आधी आईचा वास काढून टाकू... मग आपला लावू."